मालकाचं नाव काय?



मागच्या महिन्यात आमच्या प्रभागसंघाच्या बैठकीत एका ताईंनी पेढे वाटले. त्यांच्या मसाला गटाचं काम वाढलंय, तालुक्याच्या दुकानांत माल पोचवायचा, आठवडे बाजार करायचा, आणि दर खेपेला भाड्याची जीप परवडत नव्हती. म्हणून त्यांनी कर्ज काढून विजेवर चालणारी छोटी चारचाकी घेतली. बैठकीत सगळ्या जणी त्यांच्याभोवती जमल्या. किती किलोमीटर जाते, चार्ज व्हायला किती वेळ लागतो, चढाला दमते का, नाना प्रश्न. मी मात्र एकच विचारलं, "ताई, आरसी बुकावर नाव कुणाचं?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "शोरूममधल्या पोरानं विचारलं, मालकाचं नाव काय? मी सवयीनं ह्यांच्याकडं बघितलं. आपल्याकडं मालक म्हणजे नवराच की! मग तुमचं बोलणं आठवलं आणि म्हटलं, मालक मीच आहे, माझंच नाव लिहा."

मी त्यांच्या मागं का लागले होते, ते आधी सांगते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गटातल्या वहिनींनी मालवाहू इलेक्ट्रिक तीनचाकी घेतली. थोडे पैसे गटाच्या कर्जाचे, थोडे पाटल्या गहाण ठेवून. गाडी नवऱ्याच्या नावावर झाली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. गाडी पुरुषाच्या नावावर बरी दिसते, एवढंच कारण. दीड वर्षानं दिराचं देणं अंगावर आलं आणि नवऱ्यानं ती गाडी परस्पर विकली. संध्याकाळी गाडी घरी आली नाही तेव्हा वहिनींना कळलं. कागद त्याचा, सही त्याची, व्यवहार कायदेशीर. कर्ज मात्र वहिनींचं. पुढचे चौदा हप्ते त्यांनी शेतमजुरी करून फेडले. बैठकीत त्या एवढंच म्हणाल्या, "भांडू कशाच्या जोरावर? कागदावर मी कुठंच नाही."

तेव्हा आजचा विषय आहे नव्या इलेक्ट्रिक गाडीची नोंदणी, म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो ते, आणि मालक म्हणून आपला हक्क व आपली जबाबदारी. नियम मी महाराष्ट्रातले सांगणार आहे.

आरसी म्हणजे गाडीचा सातबारा

शेत कुणाचं हे सातबारा सांगतो, तसं गाडी कुणाची हे आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र सांगतं. पैसे कुणी भरले, हप्ते कोण फेडतंय, गाडी कोण चालवतंय, यातलं काहीही त्यावर येत नाही. बँकेचं वाहन कर्ज असेल तर बँकेचा बोजाही आरसीवर चढतो, जसा तो सातबाऱ्यावर चढतो.

गाडी मालकीची असायला लायसन्स लागत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. "तुम्हाला चालवता येत नाही, मग नावावर कशाला?" असं कुणी म्हणालं तर सांगा, चालवायला लायसन्स लागतं, मालक व्हायला लागत नाही.

गटानं मिळून गाडी घ्यायची असेल तर थोडा विचार करावा लागतो. नोंदणीसाठी मालक म्हणून एखादी व्यक्ती लागते, नाहीतर कायदेशीर नोंदणी असलेली संस्था. बहुतेक बचत गटांची अशी स्वतंत्र नोंदणी नसते. मग गाडी एका सदस्येच्या नावावर घ्यावी लागते. अशा वेळी गटाच्या इतिवृत्तात ठराव लिहा: पैसे कुणाचे किती, गाडी कोण चालवणार, उत्पन्न कोणत्या वहीत, गाडी विकायची झाल्यास कुणाकुणाची संमती. सगळ्यांच्या सह्या घ्या. केंद्र सरकारनं २०१७ साली बचत गटांसाठी आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली. तिच्यात दोन वाटा ठेवल्या आहेत: एक, संघानं सदस्येला गाडीसाठी बिनव्याजी कर्ज द्यायचं, दुसरी, गाडी संघाच्या मालकीची ठेवून सदस्येला भाड्यानं चालवायला द्यायची. तुमच्या तालुक्याच्या उमेद कक्षात याची चौकशी करा.

कोणत्या गाडीला पासिंग लागत नाही?

इथं बऱ्याच बायकांची फसगत होते. माझीही झाली. गावोगाव फिरायला सोयीची म्हणून मी एक बॅटरीची स्कूटर घेतली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ना पासिंग, ना लायसन्स, ना इन्शुरन्स." एके दिवशी तालुक्याच्या चौकात पोलिसांनी थांबवलं. स्कूटर ताशी ४० च्या वर पळत होती आणि बिलावर लिहिलं होतं २५.

नियम असा आहे. मोटर २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि गाडीचा जास्तीत जास्त वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, अशी कमी वजनाची बॅटरीवरची दुचाकीच मोटार वाहन धरली जात नाही. तिला नोंदणी लागत नाही, लायसन्सही लागत नाही. त्याहून जोरात पळणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रिक स्कूटरला नोंदणी, विमा आणि लायसन्स हवंच. चारचाकीला तर ही सवलत कधीच नाही. बिलावरचा आकडा आणि गाडीचा खरा वेग जुळत नसेल, तर ती स्कूटर घेऊ नका. तिनं अपघात झाला तर विमा नाही, आणि भरपाई आपल्या खिशातून.

नोंदणी कशी होते?

नव्या गाडीची नोंदणी आता शोरूममधूनच ऑनलाइन होते. आपल्याला आरटीओत खेपा घालाव्या लागत नाहीत. आधार कार्ड, पॅन कार्ड, पत्त्याचा पुरावा आणि फोटो एवढं आपण द्यायचं. बाकी कागद शोरूम तयार करतं. त्यातले तीन ओळखून ठेवा. फॉर्म २० म्हणजे नोंदणीचा अर्ज. फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला. फॉर्म २२ म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा कंपनीचा दाखला.

फॉर्म २० वर सही करण्याआधी चार गोष्टी वाचा. वाचता येत नसेल तर मुलीला, सूनबाईला, गटाच्या सचिवाला बरोबर न्या.

पहिली गोष्ट, मालकाचं नाव. आधारवर आहे तसंच, तुमचंच.

दुसरी, मोबाइल नंबर. हा फार महत्त्वाचा. गाडीबद्दलचे संदेश आणि ओटीपी याच नंबरवर येतात. तिथं शोरूमच्या पोराचा नंबर नको, नवऱ्याचा नको, पुतण्याचा नको. घरात एकच फोन असेल तर निदान तो कायम तुमच्या हातात असणारा असू द्या.

तिसरी, वारसाचं नाव, म्हणजे नॉमिनी. २०२१ पासून नोंदणीच्या वेळीच नॉमिनी लिहायची सोय झाली आहे. मालकाचं बरंवाईट झालं तर नॉमिनीनं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी नावावर करून घ्यायला अर्ज करायचा. मुलीचं नाव घालायलाही काही हरकत नसते.

चौथी, बोजा. कर्ज ज्या बँकेचं, त्याच बँकेचं नाव आहे ना, हे बघा.

नंबर आल्याशिवाय गाडी शोरूममधून बाहेर काढू नका. विनानोंदणी गाडी ताब्यात देणंच नियमाबाहेर आहे. मुहूर्त टळतोय म्हणून कुणी घाई केली तरी थांबा. नंबर पडला की आरसी डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या अ‍ॅपवर दिसते. पोलिसांना ती दाखवली तरी चालते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते.

हिरवी पाटी: अक्षरं पांढरी की पिवळी?

इलेक्ट्रिक गाडीची नंबर पाटी हिरवी असते. घरच्या वापराची गाडी असेल तर त्यावर पांढरी अक्षरं, भाड्यानं चालवायची असेल तर पिवळी.

गटाचा माल आपल्या गाडीतून नेणं वेगळं आणि पैसे घेऊन माणसं नेणं वेगळं. बाळंतिणीला दवाखान्यात नेलं, शेजारणीला बाजाराला सोडलं, यात गैर काही नाही. पण रोज माणशी वीस रुपये घेऊन खेपा मारायच्या असतील, तर गाडी पहिल्यापासून व्यावसायिक म्हणून नोंदवा. पांढऱ्या अक्षरांच्या गाडीत भाडं घेताना अपघात झाला, तर विमा कंपनी पैसे नाकारू शकते, आणि मग जखमी माणसांची भरपाई मालकिणीच्या अंगावर येते. व्यावसायिक गाडीला योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे फिटनेस, वेळोवेळी काढावं लागतं; नवी असताना दोन वर्षांनी. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०१८ मध्ये बॅटरीवरच्या गाड्यांना परमिटमधून सूट दिली आहे, हा मोठा फायदा.

पैसे कुठं वाचतात आणि कुठं जातात?

इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. ऑगस्ट २०१९ पासून हा दर लागू आहे. ऑगस्ट २०२१ पासून केंद्रानं बॅटरीवरच्या गाड्यांची नोंदणी फी माफ केली. आणि राज्याच्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात, म्हणजे २०२५ ते २०३० साठीच्या, मोटार वाहन कर माफ आहे. ही माफी किती मोठी ते हिशेबानं बघा. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर आपल्या राज्यात ११ टक्के कर लागतो. आठ लाखांच्या गाडीला ८८ हजार रुपये. इलेक्ट्रिकला शून्य.

म्हणून कोटेशन हातात आलं की नुसता खालचा आकडा बघू नका. "आरटीओ खर्च" म्हणून एकच ठोक रक्कम लिहिली असेल तर फोड करून मागा. बोजा नोंदवण्याची फी असते, कार्डाचा आणि टपालाचा किरकोळ खर्च असू शकतो. पण मोटार वाहन कर लावला असेल तर तो कशाचा, हे लेखी विचारा. त्या मसाला गटाच्या ताईंच्या कोटेशनमध्ये "हाताळणी खर्च" म्हणून काही हजार रुपये होते. त्यांनी फक्त विचारलं, "हे काय आहे?" रक्कम दुसऱ्या कागदावर गायब झाली. अनुदान मिळेल असं कुणी सांगितलं तर तेही लेखी घ्या: किती, कोणाच्या खात्यात, केव्हा. तोंडी अनुदानावर हप्त्याचा हिशेब बसवू नका.

विमा गाडीबरोबरच घ्यावा लागतो. नव्या कारला तीन वर्षांचा, दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. पेट्रोल गाडीत या विम्याचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो, इथं मोटरच्या किलोवॅटवर. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा. तो घेताना विचारा की बॅटरी आणि चार्जर त्यात धरले आहेत का, आणि पुराचं पाणी गाडीत गेलं तर काय. मालक-चालकाचा अपघात विमा हा गाडीच्या मालकाकडं लायसन्स असेल तरच लागू होतो. तुमच्याकडं लायसन्स नसेल तर त्याचे पैसे भरू नका. पगारी चालक ठेवणार असाल तर त्याच्यासाठीचं संरक्षण मात्र जरूर घ्या. त्याचा हप्ता अगदी थोडा असतो.

घरी चार्जिंग

छोट्या गाडीची बॅटरी साधारण १९-२० युनिटची असते. ती रिकामीची पूर्ण भरायला, वाया जाणारी वीज धरून, २२-२३ युनिट लागतात. तेवढ्यात रस्ता, ओझं आणि एसी बघून दीडशे किलोमीटरच्या आसपास गाडी जाते. युनिटला १० रुपये धरले तरी सव्वादोनशे रुपये झाले. रात्री सात-आठ तास लावून ठेवली की सकाळी तयार.

पण आपल्या घराची वायरिंग एका बल्बची आणि पंख्याची असते. कारचा घरगुती चार्जर एकटा तीन किलोवॅटच्या आसपास वीज तासन् तास ओढतो. म्हणून आधी वीज बिलावर मंजूर भार किती आहे बघा. कमी असेल तर महावितरणकडं भार वाढवायचा अर्ज करा. मीटरपासून वेगळी जाड तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, १५-१६ अँपिअरचा चांगला सॉकेट आणि नीट अर्थिंग, हे जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड लांबवून अंगणात चार्जिंग करू नका.

बिलाचा हिशेबही समजून घ्या. घरगुती दर टप्प्यानं चढतो. शंभर युनिटपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, त्यापुढं आणखी वरचा. तुमचं घर ९० युनिटचं असेल आणि गाडीनं महिन्याला २२० युनिट घेतले, तर शंभराच्या पुढचे सगळे युनिट वरच्या दरानं जातील. हप्त्याबरोबर हा आकडाही महिन्याच्या वहीत आधी मांडा.

शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावायचा मोह होईल. लावू नका. ती वीज शेतीच्या दरानं, शेतीसाठीच दिलेली असते. दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि वाढीव दरानं बिल येतं. दुसऱ्यांच्या गाड्या पैसे घेऊन चार्ज करायच्या असतील, तर त्यासाठी महावितरणचा वेगळा दर आणि वेगळी जोडणी आहे. गटाला तोही धंदा होऊ शकतो.

बॅटरी हा गाडीचा सगळ्यात महाग भाग. बहुतेक कंपन्या कारच्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल तिथपर्यंत वॉरंटी देतात. वॉरंटीचा कागद आरसीइतकाच जपा, आणि कंपनीनं सांगितलेली सर्व्हिसिंग चुकवू नका. या गाडीला पीयूसी लागत नाही.

मालकिणीची जबाबदारी

आता दुसरी बाजू. नाव आपलं म्हणजे नोटीसही आपल्याच नावानं येणार. अठरा वर्षांखालच्या मुलानं गाडी चालवताना अपघात किंवा गुन्हा केला, तर कायदा पालकाला आणि गाडीच्या मालकाला जबाबदार धरतो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. लायसन्स नसलेल्या माणसाच्या हाती गाडी दिली तरी मालकिणीला दंड आहे. दहावीतला पोरगा "फक्त डेअरीपर्यंत जाऊन येतो" म्हणाला, तरी किल्ली द्यायची नाही. गाडी तुमच्या नावावर आहे म्हणजे हे "नाही" म्हणायचा अधिकारही तुमचाच आहे.

गाडी विकलीत तर कागद लगेच बदलून घ्या. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलतं. जोवर आरसीवर तुमचं नाव आहे तोवर अपघाताच्या भरपाईला तुम्हीच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलं आहे. आणि या दोन फॉर्मवर कोरी सही कधीही करू नका, घरच्या माणसाच्या सांगण्यावरूनही नाही.

कर्ज फिटलं की काम संपत नाही. बँकेकडून नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ घ्या आणि आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. सोसायटीचं कर्ज फिटूनही सातबाऱ्यावर बोजा वर्षानुवर्षं राहिलेला आपण पाहिलाय. गाडीचं तसं होऊ देऊ नका.

शेवटी घरातल्या पुरुषांबद्दल. ते बहुतेक वेळा वाईट मनानं आपलं नाव डावलत नाहीत. कागदावर आपलं नाव घालायची त्यांना सवय नसते आणि ते सांगायची आपल्याला. मसाला गटाच्या ताईंचे मालक आजही ती गाडी चालवतात आणि कुणी विचारलं तर सांगतात, "मालकिणीची गाडी आहे, मी ड्रायव्हर." ताईंनी शिकाऊ लायसन्स काढलंय. तीस दिवस झाले की पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते, आणि या गाडीला क्लच-गिअर नसल्यानं त्यांचा हात लवकर बसतोय.

त्या तीनचाकीवाल्या वहिनींचे हप्ते मागच्या वर्षी फिटले. त्यांनी पुन्हा अर्ज केलाय, या वेळी स्कूटरसाठी. अर्जावर मालकाच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हातानं नाव लिहिलं. जरा तिरकं झालंय, पण नीट वाचता येतं.

तुमच्या गटात कुणी गाडी घेत असेल, तर सही करण्याआधी तो अर्ज बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा.